बर्फाच्या वर उरणारा गुलाब

मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मॅनिटोबा, ओंटारिओ अशा थंड मुलखात अंगणाचं घर घेतलं की एक-दोन उन्हाळ्यांत फाटकावर कमान उभी करून वेली गुलाब चढवायची हुक्की येतेच. नर्सरीत रोप मिळतं. त्याच्या चिठ्ठीवर थंडीचा पट्टा म्हणून झोन 5 असं छापलेलं असतं, आपलं गावही झोन 5 मध्येच असतं. रोप लागतं, पहिला हिवाळा काढतं. मेमध्ये जमिनीतून धुमारे फुटतात, ऑगस्टपर्यंत छातीएवढे होतात, चार फुलं येतात न येतात तोच पुन्हा हिवाळा. बर्फ वितळल्यावर बघावं तर वरचं सगळं काळं पडलेलं. पुन्हा जमिनीपासून सुरुवात. पाच-सहा वर्षं असंच चालतं. रोप मरत नाही, म्हणून नर्सरीत जाऊन भांडताही येत नाही. आणि कमान काही भरत नाही.

यात चिठ्ठी खोटी नसते. रोप जगणं आणि त्याची काडी जगणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि चिठ्ठी बहुतेक वेळा पहिलीबद्दलच बोलत असते. झुडपी गुलाबाला मुळं आणि बुंधा वाचला तरी पुरतं, कारण त्यातले बरेचसे प्रकार त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर फुलतात. वेली गुलाबाची उंची मात्र वर्षानुवर्षांच्या साठवणीतून येते. यंदा वाढलेली काडी पुढच्या उन्हाळ्यात बाजूला आखूड फांद्या देते आणि फुलांचा मोठा बहर त्या फांद्यांवर धरतो. वर्षातून एकदाच फुलणाऱ्या वेली गुलाबांत तर गेल्या वर्षीचं लाकूड मेलं की त्या वर्षी फूलच नाही. म्हणून थंड प्रदेशात वेली गुलाब घेताना "हा जगेल का?" एवढं विचारून भागत नाही. "बर्फाच्या वर याची काडी किती उंचीपर्यंत जिवंत राहते?" हे विचारायचं. पुढे जे काही सांगणार आहे ते या एका प्रश्नाभोवतीच फिरतं.

आधी झोनचा आकडा. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या नकाशात प्रत्येक ठिकाणच्या वर्षातल्या सगळ्यात थंड रात्रीचं तापमान घेऊन त्याची अनेक वर्षांची सरासरी काढलेली असते. झोन 3 म्हणजे साधारण उणे 40 ते उणे 34 सेल्सियस, झोन 4 उणे 34 ते उणे 29, झोन 5 उणे 29 ते उणे 23. सध्याचा 2023 चा नकाशा 1991 ते 2020 या काळातल्या नोंदींवर बेतलेला आहे आणि त्यात मिनिआपोलिस झोन 5 मध्ये गेलं. आता हेही बघा: 30 जानेवारी 2019 रोजी त्याच शहराच्या विमानतळावर पारा उणे 33 पर्यंत उतरला होता. वेलीचा घात सरासरी रात्र करत नाही, दहा वर्षांतून एकदा येणारी अशी रात्र करते. त्यामुळे आपल्या झोनपेक्षा निदान एक आकडा खालचा, म्हणजे जास्त थंडी सोसणारा गुलाब घ्यावा. कॅनडाचा नकाशा वेगळ्या पद्धतीने काढलेला आहे. त्यात पाऊस, बर्फ, वारा, दव न गोठणारे दिवस असं बरंच काही धरलेलं असतं, तेव्हा तिथला झोन 5 आणि अमेरिकेतला झोन 5 एकच समजू नयेत.

बर्फाचं तर उलटंच आहे. नवख्या माणसाला वाटतं बर्फाने रोप गारठतं. प्रत्यक्षात फूटभर भुसभुशीत बर्फाखाली, वर उणे 25 असलं तरी, तापमान शून्याच्या थोडंसंच खाली राहतं. मरतं ते बर्फाच्या वर उघडं राहिलेलं. एप्रिलमध्ये गुलाबावर अगदी पट्टी लावून आखल्यासारखी रेघ दिसते, खाली हिरवं आणि वर काळं. ती त्या हिवाळ्यातल्या बर्फाची उंची.

थंडी काडीला मारते कशी? पेशीतलं पाणी गोठून पेशी फुटते, असं आपण शाळेत ऐकलेलं असतं. पेशीच्या आत बर्फ झाला तर ती मरतेच, पण हळूहळू थंडी वाढते तेव्हा बर्फ आधी पेशींच्या मधल्या जागेत धरतो. तो बर्फ पेशीच्या आतलं पाणी बाहेर ओढून घेतो. पेशी आक्रसते, आतला रस दाट होतो. म्हणजे उणे 30 मधल्या काडीची लढाई बरीचशी कोरडं पडण्याशी असते. जी काडी आधीच पाणी कमी करून, साखर साठवून, पेशीचा पापुद्रा लवचीक करून बसली आहे ती हे आक्रसणं सोसते. जी अजून वाढीच्या भरात, रसरशीत आहे, ती सोसत नाही.

नाशिककडच्या द्राक्षबागायतदाराला हे समजवायची गरज नाही. काडी पक्व झाली की नाही, हे तो बोटाने दाबून, सालीचा रंग पाहून सांगतो. तिथे प्रश्न फळधारणेचा असतो, इथे जगण्याचा. पण काडी पिकायला वेळ लागतो, हे दोन्हीकडे सारखंच. उत्तरेतला गुलाब ही तयारी दिवस लहान होऊ लागले की सुरू करतो, म्हणजे ऑगस्टच्या अखेरीस. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गार रात्री दुसरा टप्पा पुरा करतात, आणि शून्याखालचे सुरुवातीचे दिवस शेवटचा. ही साखळी मध्येच तुटली, म्हणजे ऑक्टोबरपर्यंत उबदार राहून एका रात्रीत उणे 15 झालं, तर एरवी उणे 35 सोसणारी जातसुद्धा मार खाते.

मग सगळेच गुलाब वेळेवर का थांबत नाहीत? याचं उत्तर चीनमध्ये आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस चिनी गुलाब युरोपात पोहोचले. तोवरचे बहुतेक युरोपीय गुलाब जूनमध्ये एकदा फुलून वर्षभर गप्प बसत. चिनी गुलाब थंडी पडेपर्यंत फुलत राहत. उष्ण, दमट हवेत वाढलेल्या त्या झाडांना थांबायची सवयच नव्हती. आजचे हायब्रीड टी आणि फ्लोरिबंडा हे बागी प्रकार, फुलवाल्याकडे मिळणारे लांब दांड्याचे गुलाब या सगळ्यांत ते रक्त आहे. सतत फुलणं आणि थंडीत लवकर गाशा गुंडाळणं या दोन सवयी एकमेकींच्या विरोधात जातात.

वेलीच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. गुलाबात केएसएन नावाचा एक जनुक आहे. तो फुटीला फुलण्यापासून रोखतो, आधी वाढ म्हणतो. चिनी गुलाबात त्या जनुकात दुसरीकडून आलेला डीएनएचा एक तुकडा घुसून तो बिघडला आहे. लगाम सुटल्याने प्रत्येक फूट थोडी वाढते आणि लगेच कळी धरते. म्हणून हे गुलाब सतत फुलतात, आणि म्हणूनच ते बुटके राहतात. 'ओल्ड ब्लश' या जुन्या चिनी गुलाबाच्या एका फांदीत तो घुसलेला तुकडा बहुतांशी निघून गेला, लगाम पुन्हा लागला, आणि झाड वेलीसारखं वाढायला लागलं. पण फुलायला मात्र वर्षातून एकदाच. उंची, वारंवार बहर आणि थंडी सोसणं, ही तिन्ही एका झाडात आणणं किती अवघड आहे ते यावरून कळेल. नर्सरीत 'क्लाइंबिंग' हे नाव जोडून मिळणारे हायब्रीड टी हे सहसा अशाच फांदीबदलातून आलेले असतात. अंगात चिनी रक्त तेवढंच, उंची जास्त, म्हणजे थंडीला उघडं अंगही जास्त. झोन 5 आणि त्याहून थंड मुलखात त्यांच्या वाटेला जाऊच नये.

हा पेच सुटला तो निम्मा नशिबाने. अमेरिकेत 1919 मध्ये 'मॅक्स ग्राफ' नावाचा जमिनीवर पसरणारा गुलाब बाजारात आला. तो दोन आशियाई रानगुलाबांचा संकर. एक रोझा रुगोसा, जपान-कोरिया-सैबेरियाच्या किनाऱ्यावरचा, जाड सुरकुतलेल्या पानांचा, कडाक्याच्या थंडीतला. दुसरा रोझा विचुराना, लांबच लांब लवचीक फांद्यांचा आणि तकतकीत पानांचा. दोन्ही गुण उत्तम, पण मूल जवळजवळ वांझ. दोन वेगळ्या जातींची गुणसूत्रं जोड्या जुळवताना अडतात, बी धरत नाही.

जर्मनीत हॅम्बुर्गजवळ श्पारीसहूप गावी विल्हेल्म कोर्डेस हा गुलाबवाला होता. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्याला शत्रूदेशाचा नागरिक म्हणून आयल ऑफ मॅनवर स्थानबद्ध केलं होतं आणि ती वर्षं त्याने गुलाबांच्या संकरशास्त्रावर मिळेल ते वाचण्यात घालवली होती. त्याच्याकडच्या 'मॅक्स ग्राफ'ला दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मोजकं बी धरलं. त्यातल्या एका रोपात गुणसूत्रं आपोआप दुप्पट झालेली होती, 14 ची 28. आता प्रत्येक गुणसूत्राला त्याचा जोडीदार मिळाला, म्हणजे रोप सुपीक झालं. आणि बहुतेक आधुनिक बागी गुलाबांतही 28 च गुणसूत्रं असल्याने त्यांच्याशी संकर करणंही सोपं झालं. या रोपाला पुढे स्वतंत्र जात मानून रोझा कोर्डेसी म्हटलं गेलं. त्यातून 1954 मध्ये पिवळसर 'लेव्हरकुझेन' आणि 1955 मध्ये लाल, पांढऱ्या डोळ्याचा 'डॉर्टमुंड' आले. वेल, वारंवार बहर आणि थंडी सोसण्याची ताकद पहिल्यांदाच नीट एकत्र आली.

पण जर्मनीचा हिवाळा तो काय हिवाळा! ओटावाला तो पुरेसा नव्हता. तिथल्या सेंट्रल एक्सपेरिमेंटल फार्म या सरकारी प्रयोगक्षेत्रावर फेलिसिटास स्वेजदा यांनी 1961 पासून गुलाबांचं काम हाती घेतलं. व्हिएन्नात जन्म आणि डॉक्टरेट, 1953 मध्ये कॅनडात स्थलांतर. त्यांची पद्धत मला सगळ्यात भावते ती तिच्या निष्ठुरपणामुळे. रोपं उघड्यावर लावायची, झाकायची नाहीत, औषध फवारायचं नाही. हिवाळा आणि बुरशी जे सोडतील त्यातून पुढचा संकर. रुगोसा आणि कोर्डेसी या दोन वंशांतून निघालेल्या या गुलाबांना कॅनडाच्या इतिहासातल्या प्रवाशांची नावं दिली, म्हणून ही 'एक्सप्लोरर' मालिका. 'जॉन कॅबट' 1978, 'विल्यम बॅफिन' 1983, 'हेन्री केल्सी' 1984, 'जॉन डेव्हिस' 1986. पुढे हे काम क्वेबेकमध्ये गेलं आणि तिथून 'कॅप्टन सॅम्युएल हॉलंड', 'क्वाड्रा' आले.

यांतला कुठला घ्यावा? झोन 3 किंवा 4 मध्ये असाल, जागा भरपूर असेल आणि मोठी कमान किंवा घराचा कोपरा भरायचा असेल तर 'विल्यम बॅफिन'. तीन मीटरपर्यंत सहज जातो, काड्या जाडजूड, शेंड्यापर्यंत जिवंत राहतात, गडद गुलाबी फुलांचे घोस येतात. पण काटे भयंकर आहेत आणि काडी लवत नाही. ज्या दारातून मुलं ये-जा करतात तिथे तो नको. वासही जवळजवळ नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. आपल्याकडे गुलाब म्हटलं की माणूस पहिल्यांदा नाक पुढे करतो. 'जॉन कॅबट' त्याच्याहून भरगच्च फुलांचा, रंगाने किंचित जांभळटाकडे झुकणारा. 'जॉन डेव्हिस' उंचीला कमी, दोन-अडीच मीटर, पण काड्या इतक्या लवचीक की हव्या तशा वळवाव्यात. भरगच्च गुलाबी फुलं, जुन्या धाटणीची. लहान अंगणासाठी मी याचंच नाव सुचवेन. लाल हवा असेल तर 'हेन्री केल्सी' दिसायला देखणा, पण पानांवर काळे ठिपके लवकर येतात आणि थंडीत इतरांइतका खंबीर नाही. 'क्वाड्रा' गडद लाल, आकाराने आटोपशीर.

सगळ्या वेली गुलाबांत प्रसिद्ध 'न्यू डॉन' आहे. फिकट गुलाबी, 1930 चा, आणि 1931 मध्ये अमेरिकेत वनस्पतीला दिलेलं पहिलंवहिलं पेटंट त्याचंच. झोन 6 मध्ये तो अप्रतिम. झोन 5 मध्ये आडोशाला बरा. झोन 4 मध्ये सुरुवातीला सांगितलेली गोष्ट घडते.

रोप घेताना ते डोळा भरलेलं आहे की स्वतःच्या मुळांवरचं, हे विचारा. डोळा भरलेल्या रोपात खाली खुंट वेगळ्या जातीचा असतो. कडक हिवाळ्यात डोळ्याचा जोड मेला तर खालून खुंटाची फूट येते. अमेरिकेत 'डॉक्टर ह्यूई' हा खुंट फार वापरतात. पिवळा किंवा पांढरा लावलेला गुलाब अचानक जूनमध्ये गडद लाल फुलायला लागला तर तो चमत्कार नव्हे, वरचं कलम गेलं आणि हे महाशय बाहेर आले. एक्सप्लोरर गुलाब बहुधा स्वतःच्या मुळांवर मिळतात. वरचं सगळं मेलं तरी फुटेल ते त्याच जातीचं. डोळा भरलेलं रोप घ्यावंच लागलं तर जोड जमिनीच्या 10 ते 15 सेंटिमीटर खाली जाईल असं लावायचं. पुण्यात जोड मातीच्या वर ठेवायला शिकलेल्या हाताला हे चुकीचं वाटतं, पण इथे मातीच पांघरूण आहे.

हाताच्या सवयींवरून आठवलं. महाराष्ट्रात पावसाळा सरला की ऑक्टोबरमध्ये गुलाबाची छाटणी करायची, हे पाठ असतं. उत्तरेत ऑक्टोबरमध्ये कात्री कपाटात. कापलं की डोळे जागे होतात, कोवळी फूट येते आणि ती पहिल्याच कडक थंडीत जाते. नत्राचं खतही जुलैच्या अखेरीस बंद. ऑगस्टच्या शेवटापासून सुकलेली फुलं खुडणं थांबवायचं आणि फळं धरू द्यायची. फळ धरलं की झाडाची नव्या फुटीची घाई कमी होते. पाणी मात्र जमीन गोठेपर्यंत देत राहायचं, कारण कोरड्या मुळांनी हिवाळ्यात जाणारी काडी वाऱ्याने आणखी वाळते. आणि काळ्या ठिपक्यांच्या बुरशीकडे उन्हाळ्यातच लक्ष हवं. ऑगस्टमध्ये पानं गळून गेली तर साखर साठवणार कोण? रोगाला बळी न पडणारी जात निवडणं हा थंडीचाही उपाय आहे तो असा.

गुलाबाला द्राक्षासारखे ताणे नसतात. काट्यांनी तो अडकतो, पण चढवावं आपल्यालाच लागतं. पहिली दोन वर्षं कापू नका, नुसतं बांधत जा, मऊ सुतळीने, आठच्या आकड्यात, म्हणजे काडी आणि आधार यांच्यात जागा राहते. जाळीत काड्या विणून टाकू नका, पुढे मेलेली काडी काढताना जीव जातो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काडी आडवी करा. उभ्या काडीत शेंड्याकडून खाली येणारं ऑक्झिन हे संप्रेरक खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं, त्यामुळे फुलं फक्त टोकाला येतात आणि डोक्याच्या वर फुललेला गुलाब शेजाऱ्यालाच दिसतो. काडी 45 अंशांत किंवा आडवी बांधली की तो दाब कमी होतो, जवळजवळ प्रत्येक डोळ्यातून फांदी निघते आणि फांदीला घोस. 'बॅफिन'च्या बाबतीत हे काडी पहिल्या वर्षाची असतानाच जमतं, नंतर ती मोडते पण वाकत नाही.

हिवाळ्यात ससे बर्फावर उभे राहून काड्या कुरतडतात, उंदीर बर्फाखाली बुंध्याची साल खातात. बुंध्याभोवती बारीक तारेची जाळी ऑक्टोबरमध्येच लावावी. पालापाचोळ्याचं आच्छादन जमीन गोठायला लागल्यावर टाकावं; आधी टाकलं तर उंदरांची आयती सोय होते.

वसंतात घाई नडते. एप्रिलमध्ये तपकिरी दिसणारी काडी मेलेलीच असते असं नाही. डोळे फुगू द्या, मिनेसोटात त्याला एप्रिलची अखेर किंवा मे उजाडतो. मग वरून थोडं थोडं कापत खाली यायचं. आतला गाभा तपकिरी असेल तर अजून खाली. पांढरा-हिरवट दिसला की थांबायचं. जुन्या जाड काड्यांपैकी एखाददुसरी दर वर्षी बुडातून काढली की खालून नवी येते. एवढीच छाटणी.

आणि कुणाला 'न्यू डॉन'च हवा असेल, मिनेसोटाच्या झोन 4 मध्येसुद्धा, तर त्यावर 'मिनेसोटा टिप' नावाची स्थानिक युक्ती आहे. ऑक्टोबरच्या मध्यात काड्या एकत्र बांधायच्या, रोपाच्या एका बाजूला काड्यांच्या लांबीएवढा चर खणायचा, बुंध्याभोवतीची मुळं फावड्याने सैल करायची आणि अख्खं झाड त्या चरात आडवं निजवायचं. वर माती, मातीवर पानांच्या पिशव्या. एप्रिलच्या मध्यात उकरून पुन्हा उभं करायचं, पुन्हा कमानीला बांधायचं. हे चालतं, तिथले गुलाबवेडे वर्षानुवर्षं करतात. दोन मीटरच्या काटेरी वेलीला दर वर्षी असं पुरून उकरायला पाठ धड हवी आणि मदतीला जाड हातमोजे घातलेला आणखी एक माणूस. मी तरी 'जॉन डेव्हिस' लावेन.